उजवं कोपर

क्राऊन स्ट्रीटच्या स्टॉपवरून ट्राम निघाली आणि दाराशी उभा असलेला एक तरुण समुद्र दिसतो का ते बघायला वळला. त्याच्या खांद्यावर सर्फबोर्डाची लांबलचक पिशवी होती. तो वळला तशी तीही वळली आणि तिचं टोक मेरिनच्या उजव्या दंडाला, कोपराच्या जरासं वर, येऊन लागलं. फार जोरात नाही. "सॉरी हं! लागलं नाही ना?" तो म्हणाला. त्याच्या नाकावर उन्हाचं पांढरं मलम फासलेलं होतं, त्यामुळे त्याचा ओशाळलेला चेहराही गमतीदार दिसत होता. "नाही," मेरिन म्हणाली. तो हसला, पिशवी उभी धरून बाहेर बघू लागला आणि घडलेलं विसरूनही गेला. विसरणारच. दुसऱ्या कुणाच्या दंडावर त्या धक्क्याचा निळसर डाग चार दिवस राहिला असता आणि गेला असता. मेरिनचं शरीर काहीच जाऊ देत नसे. मार बसला की तिथला स्नायू सुजे, तापे, आणि सूज ओसरेपर्यंत त्या जागी हाड तयार झालेलं असे. खरंखुरं हाड, एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसणारं, मूळ हाडाला जाऊन चिकटणारं. या आजाराला एक लांबलचक लॅटिन नाव होतं. अख्ख्या न्यूकॅसल शहरात ते तिच्या एकटीचं होतं, आणि लहानपणी तिला ते आपलंच दुसरं आडनाव वाटायचं.

ती दाराजवळच्या कोपऱ्यात, काचेच्या आडोशाला पाठ टेकून उभी होती. ट्रामच्या बाकावर बसणं तिला जमत नव्हतं. तिला उंच आणि तिरकी खुर्ची लागायची. दंडाकडे तिला बघता येत नव्हतं, कारण मान बाराव्या वर्षापासून वळत नव्हती. म्हणून ती नुसती दंडाकडे कान लावून राहिली. ठणका येतो की नाही? येतोय. की भास आहे? पाठ पाचव्या वर्षी गेली होती. मग मान. मग शाळेच्या मैदानावर कुणाचा तरी चेंडू लागला आणि डावा हात पोटावर आडवा घडी होऊन बसला, बटणं लावता लावता मध्येच थांबल्यासारखा. दाताच्या डॉक्टरनं हिरडीत सुई दिली आणि जबडा एका बोटापुरता उघडा राहिला. अशी एकेक खोली बंद होत गेली होती. राहिलेल्या जागेत ती राहत होती: लंगडत का होईना चालणारे पाय, आणि उजवं कोपर. उजवं कोपर म्हणजे घास. उजवं कोपर म्हणजे कंगवा, दाराची किल्ली, नाक खाजवणं. लोक हृदयाला जपतात. तिला हृदयाचं एवढं कौतुक नव्हतं.

पाचव्या वर्षी पाठीवर टेंगूळ आलं तेव्हा डॉक्टरांनी ती वाईट गाठ समजून कापून बघितली. तिच्या दोन्ही पायांचे अंगठे जन्मापासून आखूड आणि आत वळलेले होते. ते कुणी नीट बघितले असते, तर या आजाराची खूण तिथेच सापडली असती आणि सुरी लागलीच नसती. पण अंगठे कुणी बघितले नाहीत, कारण दुखत होती पाठ. कापलेल्या जागी महिन्याभरात पाटासारखं हाड पसरलं. ती गाठ कापणाऱ्या डॉक्टरांनी पुढे एकदा तिच्या आईचा, नोएलीनचा, हात हातात घेऊन म्हटलं होतं, "असं दुर्मिळ प्रकरण आयुष्यात एकदाच बघायला मिळतं." आईनं त्यांना 'थँक्यू' म्हटलं. का म्हटलं ते तिला स्वतःलाही कधी कळलं नाही. एवढं मात्र झालं, की त्या दिवसापासून आईनं मेरिनला मिठी मारली नाही. मेफील्डमधल्या त्यांच्या घराच्या सगळ्या कोपऱ्यांना फोम लागला, गालिचे निघाले, कुत्रं मावशीकडे गेलं, आणि काही वर्षांनी बाबाही उत्तरेकडच्या खाणीत कामाला म्हणून गेले ते तिकडचेच झाले. आई राहिली. आई सावलीसारखी हातभर अंतरावर राहिली. रस्त्यानं चालताना ती मेरिनच्या नेमकी बाहेरच्या बाजूनं चाले, दोन्ही हात जरा फाकवून, काचेचं कपाट वाहून नेणाऱ्या हमालासारखी.

आणि औषधही आईनंच आणलं, असं म्हणायला हरकत नव्हती. वीस-बावीस वर्षं रविवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर तंबू टाकून तिनं पावात घालून सॉसेजेस विकली, कांदा परतला, आणि मेरिनचा दोन शेंड्यांचा फोटो चिकटवलेला डबा लोकांसमोर धरला. आजारावर संशोधन व्हावं म्हणून. लोक फोटोकडे बघत, मग मागे उभ्या असलेल्या मेरिनकडे बघत, आणि जास्त कांदा मागत. शेवटी औषध निघालं तेव्हा मेरिन चौतीस वर्षांची होती. वर्तमानपत्रात दोघींचा फोटो आला. आई फोटोत रडत होती आणि मेरिन हसत होती, कारण जबडा तसाच बसलेला असल्यामुळे ती नेहमीच किंचित हसल्यासारखी दिसे. औषध म्हणजे एक कॅप्सूल, जेवणाबरोबर घ्यायची. झालेलं हाड तिनं विरघळत नव्हतं. नवं हाड कमी व्हावं एवढंच तिचं काम. जुन्याला हात न लावणारं औषध चौतिसाव्या वर्षी मिळणं म्हणजे चोऱ्या होऊन गेलेल्या घराला कुलूप मिळणं, असं मेरिन एकदा म्हणाली, तेव्हा आई दोन दिवस बोलली नव्हती. त्या कॅप्सूलनं ओठ फुटत, कातडी सोलली जाई, डोळे वाळूनं भरल्यासारखे होत. शिवाय पोटातल्या बाळाला ते औषध फार वाईट. म्हणून दर महिन्याला क्लिनिकमध्ये बायकांना विचारायचं, तपासायचं, मगच कॅप्सूलची पुढची डबी द्यायची. मेरिनला मॉयरा नावाची नर्स तो प्रश्न विचारायची. विचारायची म्हणजे काय, स्वतःच 'नाही' लिहून टाकायची आणि डोळे मिचकावून म्हणायची, "नियम गं नियम! मला तरी कुठे कोण विचारतंय?"

ट्राम शेवटच्या स्टॉपवर थांबली. तो तरुण उडी मारून उतरला आणि पळतच वाळूकडे गेला. मेरिन सर्वांत शेवटी उतरली. इल्को नेहमीसारखा कठड्याशी उभा होता. एका हातात चिप्सचं पुडकं, दुसऱ्यानं सीगल हाकलत. हा इल्को पाणीपुरवठ्याच्या दुरुस्ती पथकात प्लंबर होता. मेरिन घरून त्याच खात्याचे तक्रारीचे फोन घ्यायची: कुठे पाइप फुटला, कुठे मीटर गळतंय. ती पथकाला कळवायची, आणि तिकडून याचा आवाज यायचा. तीन वर्षं नुसता आवाज. "न्यूकॅसलमधले सगळे पाइप मुद्दाम फोडतेस ना तू, माझ्याशी बोलायला?" असं तो म्हणायचा. मग एक दिवस तो भेटायला आला: आडव्या बांध्याचा, टक्कल पडू लागलेला, घटस्फोटित, हातात त्याच्या आईनं केलेली लाल मिरच्यांची चटणी. तिला बघून तो दचकला होता. त्यानं ते लपवलं नाही. समोर बसला आणि मग त्यानं विचारलं, "कुठे हात लावलेला चालतो?" मेरिनला उत्तर येईना. कुठे लावायचा नाही ते तिला पाठ होतं, शाळेपासून प्रत्येकाला सांगून सांगून तोंडपाठ होतं. कुठे चालतो, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "तळव्यावर," ती शेवटी म्हणाली. मग विचार करून, "गालावर." तिथून सुरुवात झाली. हिवाळा संपेपर्यंत तिला कळलं होतं की आपल्या शरीरात आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा बरीच जास्त जागा शिल्लक आहे. आईला ती 'समुद्रावर चालले' एवढंच सांगायची.

"काय गं? आज तोंड का असं?" इल्को म्हणाला.

"माझं तोंड असंच असतं."

"नाही. हे हसताना असतं तसं नाहीये."

ट्राममधलं तिनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोही आईसारखा बघायला लागला असता, इंच न् इंच, हवामानखात्याच्या माणसासारखा. या एका माणसासमोर ती अजून हवामान झालेली नव्हती. त्यानं चिप्स भरवायला हात पुढे केला, तर "मला येतं" म्हणून तिनं स्वतः उचलली, स्वतः तोंडात घातली. कोपर वाकलं. बंदरात कोळशाची जहाजं वाट बघत उभी होती, वारा खारट होता, आणि दंडात एक छोटीशी ऊब होती. तिला ती ऊब चांगली ओळखीची होती.

दोन दिवसांनी दंड कलिंगडाच्या फोडीएवढा सुजला. आईनं सकाळी कपडे चढवताना बघितला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं लगेच गाडी काढली. क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी तपासलं. त्या तरुण होत्या, हळव्या होत्या, आणि मेरिनच्या आजाराबद्दल मेरिनलाच विचारायचा मोकळेपणा त्यांच्यात होता. अशी सूज आली की औषध दुप्पट करायचं असतं, आणि लगेच. "आजच सुरू करू," त्या म्हणाल्या आणि मॉयराला बोलावून गेल्या. मॉयरा कागद घेऊन आली, खुर्ची ओढून बसली आणि लिहायला लागली. "वजन तेच. इतर औषधं तीच. आणि हे आपलं नेहमीचं, नाही..."

"विचार," मेरिन म्हणाली.

"काय विचारू?"

"प्रश्न. बाकीच्या बायकांना विचारतेस तसा."

मॉयरा हसली, मग आईकडे बघितलं, मग हसायचं थांबली. "बरं. तू गरोदर असण्याची काही शक्यता आहे का?"

"आहे."

आईच्या मांडीवरची पर्स खाली पडली आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही. हा क्षण मेरिननं कितीतरी वेळा मनात घोळवला होता. तेव्हा त्यात कसला तरी विजय असायचा. आता मॉयराच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं ते नवल नव्हतं. ती शिसारी होती, आणि ती पुसायची मॉयराची धडपड. "अरे वा," मॉयरा म्हणाली, "छान. म्हणजे, आपण तपासूनच घेऊ." तपासणीत काही निघालं नाही. निघणार नाहीच हे मेरिनला ठाऊक होतं. ती आणि इल्को मूर्ख नव्हते. तरीही 'नाही' ऐकताना, ते 'आहे' निघायला हवं होतं असं वाटून गेलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

गाडी पहिल्या सिग्नलला थांबली तेव्हा आई म्हणाली, "कोण आहे?"

"इल्को. पाण्याच्या ऑफिसातला."

"तो? घराजवळच्या पुलाशी गाडीतून तुला सोडून जातो तो?" म्हणजे आईनं बघितलं होतं. "किती दिवस चाललंय हे?"

"दिवस कशाला मोजायचे?"

"उद्धटपणा नको करूस. कुठे धरलं त्यानं तुला?" आईचा आवाज फुटला. "तीस वर्षं मी तुला जवळ घेतलं नाही गं! माझ्या पोटच्या पोरीला! आणि हा कोण कुठला नळवाला येतो... कुठे धरलं? दंडाला धरलं ना?"

ट्राम, पांढऱ्या नाकाचा पोरगा, पिशवीचं टोक, एवढं सांगितलं की संपलं असतं. मेरिनच्या ओठांवर ते आलंही. पण समोरच्या काचेकडे बघताना तिला आपली पाठ, मान, डावा हात, जबडा असे ओळीनं आठवले. सुरी, चेंडू, सुई. ज्यांनी ज्यांनी तिच्या शरीरावर काही कायमचं करून ठेवलं होतं, त्यातल्या एकालाही ती हवी होती असं नव्हतं. आपापल्या कामाला जाता जाता लोकांनी तिचे सांधे बंद केले होते आणि आता शेवटचा एक पोरगा, समुद्र दिसतो का बघता बघता. निदान एक हाड तरी असं असावं, जे तिला जवळ ओढताना झालं. निदान आईला तरी ते तसं वाटावं.

"हो," ती म्हणाली. "दंडालाच."

आईनं गाडी बाजूला घेतली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. मेरिनला तिच्याकडे वळून बघता येईना. ती समोर बघत बसली आणि तिला क्षणभर, लाज वाटावी इतकं, बरं वाटलं.

आईनं इल्कोला गाठायला वेळ लावला नाही. काय बोलली ते मेरिनला कळलं नाही, पण संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज तीन वर्षांत कधी नव्हता इतका परका होता.

"मी केलं ते?"

"नाही. अरे ऐक, ट्राममध्ये एकाची पिशवी लागली. त्या दिवशी, तुला भेटायच्या आधी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू काळजी करत बसला असतास."

"मेरिन, माझ्यासाठी खोटं नको बोलूस."

"आईशी बोलले ते खोटं होतं!"

"आईशी असलं खोटं कोण बोलतं? कशाला बोलशील तू?"

त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं. समोरासमोर तरी आलं असतं की नाही कोण जाणे. तिनं सुरुवात केली, "कारण मला वाटलं, की तुझं काहीतरी..." आणि ते वाक्य तिलाच इतकं वेडगळ वाटलं की ती थांबली. तिच्या थांबण्याचा त्यानं त्याचा अर्थ लावला.

"मी दिवसभर पाइप आवळतो गं," तो म्हणाला. "माझ्या हाताचा जोर मला कळत नाही. त्या शनिवारी पायऱ्या उतरताना धरला होता मी तुझा दंड. मला आठवतंय."

"हळूच धरला होतास."

"हळूच म्हणजे किती, ते मला काय माहीत?" तो रडत होता. "तुझी आई म्हणाली, आता तो हात गेला. मी नाही परत... मला जमणार नाही. उद्या तुझे पाय गेले तर?" मेरिननं बरंच काही सांगितलं, ओरडली, एकदा शिवीही दिली. तो ऐकत राहिला आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याला ती जास्तच मोठ्या मनाची वाटत गेली. खरं बोलून माणूस इतका हरू शकतो हे तिला नवीन होतं. पुढच्या आठवड्यात पथकाच्या फोनवर दुसराच आवाज आला. इल्कोनं बदली मागून घेतली होती, मेटलंडकडे.

दुप्पट औषधानं ओठांच्या कोपऱ्यांतून रक्त यायचं, तळव्यांची साल निघायची. ज्या तळव्यांपासून सुरुवात झाली होती ते आता कागदासारखे फाटत होते. दंडातली सूज खाली कोपरापर्यंत आली आणि घट्ट होऊ लागली. या दिवसांत हात ज्या स्थितीत राहील तसा तो कायमचा बसणार, हे डॉक्टरांनी मेरिनला सांगायची गरज नव्हती. ठरवायचं होतं ते एवढंच, की पुरता वाकवून ठेवायचा की अर्धवट. वाकवून ठेवला तर हात तोंडाशी येईल. चेहऱ्याच्या उंचीवर राहील, स्वतःच्या आणि समोर कुणी उभं असलं तर त्याच्याही. टेबलाच्या उंचीवर ठेवला तर की-बोर्ड, फोन, नोकरी. "टेबलाशी ठेव," आई म्हणाली. "घासाला मी आहे ना." मेरिननं दोन दिवस हात छातीशी उशीवर वाकवून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तिनं तो खाली टेबलावर आणला. दुखत होतं, पण दुखलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायची सोय त्यामुळे झाली.

उन्हाळा लागेपर्यंत कोपर बंद झालं. नव्या एक्स-रेकडे बघून डॉक्टर खूश होत्या. औषध लागू पडलं होतं. जितकं हाड व्हायचं त्याच्या निम्मंच झालं, असं त्यांनी बोटानं दाखवून सांगितलं. निम्मं हाडसुद्धा कोपर बंद करायला पुरेसं होतं, हे त्या बोलल्या नाहीत. आईनं डॉक्टरांचे आभार मानले.

त्या दिवशी दुपारी घरी आई भोपळ्याचं सूप भरवत होती. चमचा त्या बोटभर फटीतून आत घालायचा, तिरका करायचा, ओठ फुटलेत तिथे लागू न देता बाहेर काढायचा. आईला ते चांगलं जमायला लागलं होतं. ती गेल्या काही दिवसांत तरुण दिसू लागली होती. केस कापून आली होती, कामं करताना काहीतरी गुणगुणायची. मेरिन म्हणाली, "आई, तो इल्को नव्हता. ट्राममध्ये एका मुलाची पिशवी लागली होती. मी तुझ्याशी खोटं बोलले."

आईनं चमचा वाटीत फिरवला, वाफ जाऊ दिली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"त्यानं केलं नाही ते. तुला एकदा त्याच्या गाडीतून उतरवताना बघितलंय मी, खिडकीतून. दोन बोटांनी धरलं होतं तुला त्यानं, आणि श्वास रोखून धरला होता. तसा धरणारा माणूस कुणाला इजा करत नाही."

"मग त्याला का...?"

"मग काय, मेरिन?" आई तिच्याकडे बघत होती. डोळे कोरडे होते, शांत होते. "धक्का मारणारी माणसं मारून निघून जातात. त्यांची मला कधी भीती वाटली नाही. हा तुला घेऊन गेला असता. आणि मी इथे काय केलं असतं गं, या घरात?"

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू झालं आणि बंद पडलं. मेरिनला उठून जायचं होतं, पण उठवायला आई लागत होती. वाटी भिंतीवर फेकायची होती. निदान तोंड फिरवायचं होतं, पण मान वळत नव्हती. तिनं डोळे मिटले. तिच्याजवळ तोंड फिरवायची तेवढी एकच रीत उरली होती. मिटलेल्या डोळ्यांपुढे तिला आईचा श्वास ऐकू येत होता, अगदी जवळ, आणि भोपळ्याचा, जायफळाचा वास येत होता.

"निवतंय," आई म्हणाली.

सकाळपासून क्लिनिकच्या गडबडीत काही खाल्लं नव्हतं. तिला भूक लागली होती. डोळे तिनं उघडले नाहीत. मग चमचा ओठांना लागला आणि तिनं तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.